फ्रँचायझीपूर्व चौकशी आणि तक्रार निवारण

एखाद्या प्रस्थापित व्यवसायाचे नाव, बोधचिन्ह, कृती आणि कामाची पद्धत ठरावीक मोबदल्यात वापरण्याची परवानगी दुसऱ्याला देणे, या व्यवस्थेला फ्रँचायझी म्हणतात. परवानगी देणारी मूळ कंपनी प्रवेश शुल्क आणि अनामत घेते. परवानगी घेणारा, म्हणजे फ्रँचायझीधारक, दुकानाचे भाडे, सजावट, यंत्रे आणि नोकरांचे पगार यांचा भार उचलतो आणि पुढे विक्रीवर रॉयल्टी देतो किंवा कच्चा माल कंपनीकडूनच घेण्याचे बंधन पाळतो. मुंबईत मालाडला २००१ साली सुरू झालेल्या जम्बोकिंगसारख्या वडापावच्या साखळ्या, पुण्यातून पसरलेली अमृततुल्य चहाची दुकाने, बालवर्ग, अबॅकसचे वर्ग, पॅथॉलॉजीची नमुना संकलन केंद्रे आणि कुरिअरच्या शाखा अशा अनेक रूपांत ही पद्धत महाराष्ट्रात रुजली आहे. स्वेच्छानिवृत्तीची किंवा भविष्यनिर्वाह निधीची रक्कम अशा धंद्यात गुंतवणारी कुटुंबे बरीच असल्यामुळे करारापूर्वीची चौकशी आणि फसगत झाल्यास करायची तक्रार हे दोन्ही विषय महत्त्वाचे ठरतात.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ बाबींचा माहितीपत्रक दस्तऐवज इच्छुकाच्या हाती द्यावा लागतो. त्यात कंपनीवरील दावे, शाखांची संख्या आणि धंदा सोडून गेलेल्या धारकांची माहितीही असते. हा नियम १९७८ साली संमत झाला आणि २००७ साली सुधारला गेला. आपल्याकडे असा दस्तऐवज देण्याची सक्ती कोणत्याही कंपनीवर नाही, त्यामुळे माहिती काढण्याची जबाबदारी सर्वस्वी पैसे गुंतवणाऱ्यावर येऊन पडते.

ही जबाबदारी भारतीय करार अधिनियम, १८७२ मुळे अधिकच गंभीर होते. कलम १७ प्रमाणे नुसते गप्प राहणे ही साधारणतः फसवणूक ठरत नाही. खोट्या माहितीच्या आधारे संमती मिळवली असेल तर कलम १९ करार रद्द करण्याचा पर्याय देते, परंतु त्याच कलमाला जोडलेला अपवाद असा, की चुकीचे निवेदन किंवा फसवे मौन यांमुळे संमती दिली गेली असली तरी, साधारण दक्षता घेऊन सत्य शोधण्याचे साधन त्या व्यक्तीच्या हाती असल्यास करार रद्द करता येत नाही. फ्रँचायझी घेऊ पाहणाऱ्याने हा अपवाद नीट समजून घेतलाच पाहिजे, कारण चौकशीतली हयगय पुढे तक्रारीच्या मुळावर येते. उलट, ‘गेल्या तीन वर्षांत किती शाखा बंद झाल्या?’ असा प्रश्न ईमेलने विचारला आणि त्याला खोटे उत्तर आले, तर प्रश्न मौनाचा उरत नाही; ते लेखी असत्य निवेदन होते. चौकशीची कागदपत्रे हाच नंतरच्या तक्रारीचा पुरावा असतो.

चौकशीचा पहिला भाग घरबसल्या होतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी कधी झाली, संचालक कोण आहेत आणि मालमत्तेवर कोणाचा बोजा आहे हे दिसते. ठरावीक शुल्क भरले की दाखल झालेले ताळेबंदही पाहता येतात. व्यापारचिन्हांच्या सार्वजनिक शोधात ते नाव खरोखर नोंदलेले आहे की केवळ अर्ज प्रलंबित आहे, आणि नोंदणी करार करणाऱ्या कंपनीच्याच नावावर आहे का, हे तपासावे. ज्या नावासाठी लाखो रुपये मोजायचे त्या नावावर कंपनीचाच हक्क पक्का नसेल तर बाकी सगळी बोलणी व्यर्थ आहेत. ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावाने शोध घेतल्यास जुन्या धारकांनी लावलेले दावे सापडू शकतात.

दुसरा भाग पायी फिरून करायचा असतो आणि खरी माहिती तिथेच मिळते. कंपनी ज्या शाखा दाखवते त्या बहुधा उत्तम चालणाऱ्या असतात, म्हणून बंद पडलेल्या शाखांचे धारक शोधून काढावेत आणि त्यांना अनामत परत मिळाली का, किती महिन्यांनी मिळाली, यंत्रे कोणी व कितीला घेतली, हे विचारावे. चालू दुकानाचा गल्ला अजमावण्याची एक साधी रीत आहे. सकाळी दुकान उघडताच एक चहा घेऊन छापील बिल जपून ठेवावे, रात्री बंद होण्यापूर्वी पुन्हा एक घ्यावा आणि दोन्ही बिलांचे क्रमांक ताडून पाहावेत. क्रमांक सलग असतील आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल दिले जात असेल तर दिवसभरात किती बिले फाटली हे कळते. हीच नोंद आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि रविवारी अशी दोनदा केली तर विक्री प्रतिनिधीच्या आकड्यांशी तुलना करता येते.

त्यावरून हिशेब मांडावा. कल्पित उदाहरण घेतले तर, गाळ्याचे भाडे ४०,००० रुपये, तीन कामगारांचे पगार ४५,००० रुपये आणि वीज व गॅस १२,००० रुपये मिळून महिन्याचा बांधील खर्च ९७,००० रुपये होतो. चहाचा कप १२ रुपयांना विकला, त्यात दूध, साखर आणि कंपनीकडूनच घ्यायची पावडर यांचे ६ रुपये गेले आणि ५ टक्के रॉयल्टीपोटी ६० पैसे गेले, तर कपामागे ५ रुपये ४० पैसे हाती राहतात. म्हणजे केवळ खर्च भागवण्यासाठी महिन्याला सुमारे १८,००० कप, अर्थात रोज ६०० कप विकले गेले पाहिजेत. यात कर, कर्जाचा हप्ता, यंत्रांची झीज आणि धारकाच्या स्वतःच्या श्रमांचे मोल धरलेलेच नाही. ‘अठरा महिन्यांत भांडवल वसूल’ अशी जाहिरात या हिशेबापुढे ठेवून पाहिली म्हणजे तिचे वजन कळते.

करारनाम्यात सर्वांत घातक ठरू शकणारे कलम बहुतेकदा शेवटच्या पानांवर असते. करारात लिहिलेल्याखेरीज कोणतेही तोंडी किंवा छापील आश्वासन बंधनकारक नाही, असे ते सांगते. या एका वाक्याने माहितीपुस्तिकेतील नफ्याचे सगळे आकडे निष्प्रभ करण्याचा कंपनीचा प्रयत्न असतो, म्हणून ते आकडे परिशिष्ट म्हणून कराराला जोडून घेण्याचा आग्रह धरावा; कंपनी नकार देत असेल तर तो नकारही बोलका असतो. आपल्या दुकानापासून किती अंतरात दुसरी शाखा निघणार नाही, अनामत कोणत्या अटींवर परत मिळेल, करार संपवण्यासाठी किती दिवसांची नोटीस लागेल आणि वाद कोणत्या शहरात चालेल, हेही स्पष्ट असले पाहिजे. लातूरच्या धारकाला लवादासाठी, म्हणजे न्यायालयाऐवजी नेमलेल्या तटस्थ व्यक्तीपुढे वाद चालवण्यासाठी, गुरुग्रामला जावे लागले तर अनेकदा दाव्याची रक्कम प्रवासात आणि वकिलाच्या फीमध्येच संपते. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून देऊ नयेत. करार चालू असताना दुसऱ्याचा तोच धंदा न करण्याचे बंधन सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या निकालात वैध मानले. करार संपल्यानंतरचे तसे बंधन मात्र सहसा करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे टिकत नाही.

तक्रारीची सुरुवात लेखी आणि तारीखवार असावी. कोणत्या कलमाचा भंग झाला, कधी झाला, त्यामुळे किती नुकसान झाले आणि किती दिवसांत काय हवे, हे पत्रात मांडून ते ईमेलने तसेच पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवावे. रागाच्या भरात रॉयल्टी थांबवणे अंगाशी येते, कारण करारभंगाचा ठपका मग धारकावर येतो. अनामत जप्त करण्याची धमकी आल्यास करार अधिनियमाचे कलम ७४ लक्षात घ्यावे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच मान्य करते. करारभंगाच्या दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही.

करारात लवादाचे कलम असेल तर वाद बहुधा लवादाकडे जातो, परंतु वादात हितसंबंध असलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला एकमेव लवाद एकतर्फी नेमता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात स्पष्ट केले आहे. लवादाचे कलम नसल्यास वाणिज्य न्यायालये अधिनियम, २०१५ लागू पडतो. या अधिनियमात फ्रँचायझी करारांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि ३ लाख रुपयांपासूनचे दावे त्याखाली येतात. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी करावीच लागते. ही मध्यस्थी विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते आणि लहान धारकासाठी ती वेळ व पैसा वाचवणारी असते, म्हणून तिच्याकडे निव्वळ औपचारिकता म्हणून पाहू नये.

ग्राहक आयोगाची वाट मात्र अरुंद आहे. व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कक्षेबाहेर आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना तेवढी सूट असल्याने, सदोष यंत्राबाबतची तक्रार काही वेळा टिकू शकते. धारकाच्या दुकानातील गिऱ्हाईक हा या कायद्याचा पुरेपूर ग्राहक असतो आणि तो दुकानदारासह मूळ कंपनीलाही पक्षकार करू शकतो. त्यामुळे अशा तक्रारीत माल कोणी पुरवला आणि भरपाई कोणी द्यायची, हेही करारातच ठरवून घ्यावे लागते.

सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता असे दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांकडे तक्रार करता येते. नामांकित कंपन्यांच्या नावे बनावट संकेतस्थळे काढून नोंदणी शुल्क उकळण्याचे प्रकार या वर्गात मोडतात. अमूलच्या नावाने चालणाऱ्या अशा संकेतस्थळांविरुद्ध गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाला २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्यापूर्वीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. ‘दुकान तुमचे, चालवू आम्ही, दरमहा ठरावीक परतावा’ अशा योजनेत तर फ्रँचायझीच्या नावाखाली ठेवीच गोळा केल्या जात असू शकतात. अशा वेळी आर्थिक गुन्हे शाखेकडे जाऊन महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ लागू करण्याची मागणी करावी, कारण त्याखाली शासन त्या आस्थापनेची मालमत्ता जप्त करू शकते.