फिक्स लेन्सच्या कॅमेऱ्यात नाक मोठं का दिसतं?

“जुन्या धाटणीच्या, झूम नसलेल्या छोट्या कॅमेऱ्याने माणसांचे फोटो काढू नका, त्याची ३५ एमएमची लेन्स चेहरा बिघडवते” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (एमएमचा आकडा जितका लहान, तितकं रुंद दृश्य लेन्स टिपते.)

नाक मोठं दिसतं हे खरं, आणि ते पाहूनच लोकांचा तसा समज झाला. पण कारण लेन्स नाही, अंतर आहे. फ्रेम भरावी म्हणून आपण अगदी जवळ जातो. नाकाचं टोक ५० सेंटीमीटरवर आणि कान ६२वर असला, तर कानाच्या मानाने नाक जवळपास पावपट जास्त मोठं उमटतं. दोन मीटरवरून हाच फरक सहा टक्क्यांवर येतो.

घरीच पडताळून बघा. आजीला खिडकीपाशी बसवा. दोन मीटरवरून या कॅमेऱ्याने एक फोटो काढा, जागा न सोडता झूम लेन्सने ७० एमएमवर दुसरा. पहिला तेवढाच क्रॉप करून शेजारी ठेवा. नाक, कान, चष्म्याची काडी, सगळ्याचं प्रमाण तेच! मागची धूसरता तेवढी वेगळी दिसेल.

खरी उणीव दुसरीच आहे. ३५चा फोटो ७० एमएमएवढा क्रॉप करताना लांबी-रुंदी निम्मी होते, म्हणजे पाव भागच राहतो; २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६च उरतात. माझ्या मते आठ बाय दहा इंची प्रिंटला ते पुरतात. भिंतभर फोटो हवा असेल तर झूम लेन्सच घ्या.