खरबुजाच्या बिया आणि स्वर्गाचा दरवाजा

चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगदुई म्हणून जागा आहे, तिथलं एक थडगं १९७२ मध्ये उघडलं आणि आत जी बाई सापडली तिची कातडी चक्क मऊ होती, सांधे वाकत होते आणि पोटात खरबुजाच्या १३८ बिया होत्या, म्हणजे जायच्या थोडंच आधी तिने खरबूज खाल्लेलं. आणि ती गेली २१०० वर्षांपूर्वी! नाव शिन झुई, चांगशा राज्याच्या प्रधानाची बायको, वय पन्नाशीच्या आसपास. एकात एक अशा चार शवपेट्या, भोवती कोळसा आणि पांढऱ्या चिकणमातीचा जाड थर, त्यामुळे हवा आत शिरलीच नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात आतल्या पेटीवर पांघरलेलं रेशमी कापड जास्त भारी आहे. टी अक्षराच्या आकाराचं, दोन मीटरच्या वर लांब. ते खालून वर बघत जायचं. तळाशी पाण्यात दोन मोठे मासे, त्यांच्यावर उभा राहून एक धिप्पाड प्राणी जमीन तोलून धरतोय, त्याच्या वर भांडी मांडलेली आणि माणसं बसलेली, हे तिच्या अंत्यविधीचंच चित्र असं बरेच अभ्यासक मानतात. मग जेडच्या गोल चकतीच्या भोकातून आरपार गेलेले दोन ड्रॅगन, आणि त्यांच्या वर ती स्वतः. काठी टेकत उभी, मागे तीन दासी, समोर दोघं गुडघे टेकून. तपासणीत तिच्या पाठीच्या मणक्यात खरंच दोष निघाला, म्हणजे चित्रकाराने तिला तरुण सुंदर वगैरे केलं नाही, जशी होती तशीच वर पाठवली, मला हे फार आवडतं. अगदी वर स्वर्गाचा दरवाजा, दोन पहारेकरी, लाल सूर्यात काळा कावळा, चंद्रात बेडूक आणि ससा (चंद्रातला ससा आपल्याकडेही आहेच की).

आता प्रश्न असा की ती वर जाणार होती तर खाली एवढं सामान कशाला? जेवणाची भांडी, धान्य, मांस, रेशमी कपडे, त्यातला एक झगा तर फक्त ४९ ग्रॅमचा, शिवाय लाकडाचे १६२ नोकर. पूर्वी उत्तर असं द्यायचे की चिनी माणसाला आत्मे दोन, हुन वर जातो आणि पो शरीरापाशी राहतो. पण त्या काळी सगळेच लोक एवढी चोख वाटणी करत होते असं आज बऱ्याच अभ्यासकांना वाटत नाही, आणि मलाही ते पटतं. स्वर्गही हवा आणि थडग्यातलं घरही नीट हवं, दोन्हीची सोय त्यांनी करून ठेवली, आपल्या माणसाला निरोप देताना कोण एकच पर्याय धरून बसतं?

त्यात तिसरीही एक कल्पना होती. तिथल्याच दुसऱ्या थडग्यात, बहुधा तिच्या मुलाच्या, लाकडी पट्टीवर एक पत्र मिळालं. घरच्या कारभाऱ्याने मृतांच्या राज्यातल्या अधिकाऱ्याला लिहिलेलं: सोबत सामानाची यादी पाठवतोय, मिळाली की वरच्या साहेबांकडे पोचवा. ऑफिसातल्यासारखी त्यावर तारीखही टाकलीय, आणि त्या थडग्यातला माणूस इ.स.पू. १६८ मध्ये पुरला गेला हे आज आपल्याला त्या तारखेवरूनच कळतं.