सगळे स्मिथ भाऊबंद नाहीत

एप्रिल 1819 मध्ये शिकारीला निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. नाव होते जॉन स्मिथ. केवळ नावावरून माणूस शोधायचा म्हटला, तर इंग्रजीत याहून अवघड नाव सापडणार नाही. 1853 सालच्या सरकारी नोंदींवरून इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे अडीच लाख स्मिथ असल्याचा अंदाज निघाला होता. म्हणजे दर 73 माणसांमागे एक.

इतके स्मिथ आले कुठून? 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा तिथल्या सामान्य माणसाला वडिलोपार्जित आडनाव नव्हते. पुढच्या तीनचारशे वर्षांत ते हळूहळू रूढ झाले. गावात चार जॉन असले की त्यांना वेगळे ओळखायला कुणाच्या बापाचे नाव, कुणाचे गाव, कुणाचा धंदा जोडला जाई. 1377 ते 1381 या काळात तीनदा डोईपट्टी बसली, 1538 मध्ये चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम निघाला, आणि कागदावर चढलेले नाव मुलाकडे, नातवाकडे जाऊ लागले.

जुन्या इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजे धातू घडवणारा कारागीर, मुख्यतः लोहार. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराच्या बिजागऱ्या, सगळे त्याच्या भट्टीतून येई. मात्र गावात त्याच्यापेक्षा शेतकरी कितीतरी जास्त होते, मग शेतकरी या अर्थाचे आडनाव पहिल्या क्रमांकावर का नाही? कारण सगळेच शेतात राबत असताना एकाला शेतकरी म्हटल्याने त्याची वेगळी ओळख पटत नाही. लोहार गावात एखाददुसराच असतो, आणि जवळपास प्रत्येक गावात असतो. म्हणून हे आडनाव शेकडो गावांत, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या घरांत, स्वतंत्रपणे जन्मले.

हेच कारण युरोपभर लागू पडले. जर्मनांचे श्मिट, फ्रेंचांचे लफेव्र आणि फाब्र, इटालियनांचे फेरारी, पोलंडचे कोवाल्स्की, हंगेरीचे कोवाच, रशियाचे कुझनेत्सोव्ह, एस्टोनियाचे सेप, अरबांचे हद्दाद, ही सगळी लोहारकामावरून आलेली आडनावे. त्यांत श्मिट आणि स्मिथ एकाच जुन्या जर्मानिक शब्दाची रूपे आहेत. बाकीच्यांचा स्मिथशी भाषिक संबंध नाही. त्यांना जोडते ती फक्त भट्टी. भारतातून शतकांपूर्वी पश्चिमेकडे गेलेल्या रोमानी लोकांतही पेटुलेंग्रो नावाची कुळे होती. त्यांच्या भाषेत याचा अर्थ नाल घडवणारा, आणि इंग्लंडमध्ये बाहेरच्या जगाशी व्यवहार करताना ती कुळे स्मिथ हे नाव लावत.

आडनावावरून वंश सांगणे किती धोक्याचे, हे गोव्यात स्पष्ट दिसते. फेरेरा या पोर्तुगीज आडनावाच्या मुळाशीही लोखंडच आहे. पण गोव्यातल्या फेरेरा घराण्याच्या पूर्वजाने घण उचलला होता असे त्यावरून म्हणता येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव घेण्याची तिथे रीत होती. अमेरिकेत 2010 च्या जनगणनेत 24 लाखांहून अधिक स्मिथ निघाले, पहिल्या क्रमांकावर. त्यांत साधारण 23 टक्के कृष्णवर्णीय आहेत; अनेक कुटुंबांनी 1865 मध्ये गुलामगिरी संपली त्या सुमारास आडनावे निवडली किंवा जाहीरपणे लावायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव अडचणीचे ठरू लागले, तेव्हा बऱ्याच श्मिटांनीही स्मिथ लावले.

हे सगळे आता रक्तात तपासता येते, आणि मला या विषयाचा सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. इंग्लंडमध्ये आडनावही त्याच वाटेने जाते. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि किती वेळा येतात हा आकडा पिढ्यांमागून पिढ्या सावकाश बदलतो. दोन पुरुषांचे असे बरेच आकडे जुळले, तर त्यांचा पितृवंश एक असण्याची शक्यता मोठी.

ब्रायन साइक्स या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने 2000 साली आपल्याच आडनावाच्या 48 पुरुषांची अशी तपासणी केली. यॉर्कशायरच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे ओहोळ. ओहोळ जागोजागी, तेव्हा साइक्सही जागोजागी स्वतंत्रपणे झाले असणार, असा समज होता. प्रत्यक्षात जवळपास 44 टक्के पुरुषांचा नमुना एकच निघाला. म्हणजे साइक्स हे आडनाव बहुधा एकाच मूळपुरुषापासून सुरू झाले असावे. उरलेल्यांत कुठेतरी दत्तक, आईकडून आलेले नाव किंवा वेगळा बाप आला असेल. हे प्रमाण दर पिढीला सरासरी 1.3 टक्के भरते. सातशे वर्षांत तेवढेही पुरेसे होते.

पुढे लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 आडनावांचे सुमारे 1700 पुरुष तपासले. नॉटिंगहॅमशायरमधल्या एका गावावरून आलेल्या ॲटनबरो या दुर्मीळ आडनावाच्या जवळपास नव्वद टक्के पुरुषांत वाय गुणसूत्राचा एकच गट मिळाला, आणि हा गट ब्रिटनमध्ये एरवी क्वचितच आढळतो. स्मिथ मात्र देशातल्या कुठल्याही अनोळखी पुरुषांइतकेच एकमेकांपासून वेगळे.

यात नशिबाचाही हात आहे. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1870 च्या दशकातच गणिताने दाखवले होते, की काही घराण्यांत मुलगेच होत नाहीत, काहींचे मुलगे निपुत्रिक राहतात, आणि अशी आडनावे एकेक करून विझतात. थोड्या घरांत सुरू झालेल्या आडनावाची अखेरीस एखादीच शाखा तगते, म्हणून दुर्मीळ आडनावात नाते दाट. स्मिथांची शेकडो मुळे होती. काही सुकली तरी बाकीची उरली.

महाराष्ट्रात जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे अनेक जातींत आढळतात. तिथेही आडनावावरून भाऊबंदकी गृहीत धरू नये.

या संशोधनाचा एक उपयोग गुन्हे तपासात सुचवला गेला आहे. घटनास्थळी सापडलेल्या डीएनएचे वाय गुणसूत्र तपासायचे, ते कोणत्या आडनावांशी जुळते ते पाहायचे आणि संशयितांची लांब यादी त्यानुसार आधी-नंतर लावायची. ॲटनबरोसारखे आडनाव असेल तर पोलिसांना नेमका धागा मिळू शकतो. गुन्हेगार स्मिथ असेल, तर वाय गुणसूत्र त्याचे आडनाव सांगू शकणार नाही.