"कंपनी चांगली आहे का?": मोठ्या आयटी कंपन्यांबद्दलच्या मतांमागचा इतिहास

सोलापुरात मोठी आयटी कंपनी नाही. तरी तिच्याबद्दल ठाम मत असलेली घरं गल्लोगल्ली आहेत, कारण वालचंद इन्स्टिट्यूट (१९८३) आणि त्यानंतर निघालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधून शिकलेली मुलं अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात, नाहीतर बेंगळुरू-हैदराबादला आहेत. कॅम्पसमधून ऑफर आली की घरात पहिला प्रश्न "पॅकेज किती?" आणि पाठोपाठ दुसरा, "पर्मनंट आहे ना?" या दुसऱ्या प्रश्नाचं मूळ गिरण्यांत आहे.

मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग काढली. तीच जुनी मिल. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. गिरणीत कायम आणि बदली असे दोन वर्ग होते. बदलीवाल्याने पाळीच्या वेळी गेटवर हजर व्हायचं; कोणाचा खाडा पडला तर काम, आणि काम मिळालं तरच त्या दिवसाची मजुरी. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, शहर यंत्रमाग आणि विडीवर आलं. पण तक्रार कुठे न्यायची हे सगळ्यांना पाठ होतं. विड्या नापास ठरवून छाट जास्त काढली, मजुरी थकली, की लाल बावटा, गेट मीटिंग, मोर्चा आणि आंदोलनांची ठरलेली जागा, पूनम गेट. मालकाबद्दल कामगाराला काय वाटतं हे रस्त्यावर ऐकू यायचं.

आयटीत ही वाट पहिल्यापासून जवळजवळ बंद राहिली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती. तांत्रिक काम करणारा तीत बसायचा, व्यवस्थापकीय काम करणारा बसत नसे. प्रोग्रामरला दोनतीन वर्षांत 'लीड' किंवा 'असिस्टंट मॅनेजर' असं पद मिळतं आणि तो कुठल्या बाजूला, याचा वाद सुरू होतो. त्यात युनियन म्हणजे आपलं काम नव्हे, हा या नोकरीतला समज. पुण्यात 'नाइट्स'सारख्या संघटना उभ्या राहिल्या, कामगार खात्याकडे तक्रारी करू लागल्या, पण ते बरंच उशिरा. तोवर कर्मचाऱ्याचं मत उमटायला दोनच जागा होत्या: राजीनामा आणि इंटरनेटवर कंपनीला तारे देणारं निनावी रेटिंग.

सुरुवातीचं मत तर निव्वळ कौतुकाचं होतं. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली, १९९३ मध्ये शेअर बाजारात आली आणि १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर देऊ लागली. "तिथला ड्रायव्हरसुद्धा लखपती झाला" ही गोष्ट त्याच काळातली, आणि ती गावोगाव पोचली. १९९१ पासूनची सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना, मग २००० साल उजाडण्याआधी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याची, म्हणजे वायटूकेची कामं, परदेशवारी. कंपनीत शिरायला मिळणं हेच बक्षीस होतं. आत कसं वाटतं हे कोणी विचारत नव्हतं.

विचारायची वेळ आणली ती बेल कर्व्हने. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिचे प्रमुख जॅक वेल्श यांनी रूढ केलेली ही पद्धत, कर्मचाऱ्यांना कामगिरीनुसार ठरलेल्या प्रमाणात वाटायची: वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०. कागदावर सोपी, टीमवर लावली की गाडी अडते. दहा जणांच्या टीममध्ये एकाला तळाला टाकावंच लागतं, मग दहाही जणांनी चोख काम केलेलं का असेना. तो एक कोण? बहुतेकदा वर्षाच्या मध्ये प्रोजेक्ट बदललेला, लांब रजेवरून परतलेली, किंवा राजीनामा देणार अशी कुणकुण लागलेला. वरून 'नॉर्मलायझेशन', म्हणजे या प्रमाणात बसवण्यासाठी गुणांची काटछाट, होऊन येतं आणि मॅनेजर म्हणतो, "मी चांगलंच दिलं होतं, वर कापलं." मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली, आपल्याकडच्या काही कंपन्यांनीही पुढे सोडल्याचं जाहीर केलं. पण पगारवाढीचा एकूण पैसा ठरलेला असेल, तर वाटप कुठल्या ना कुठल्या नावाने तसंच होतं. 'कंपनी वाईट' म्हणून जे कानावर येतं, त्यातलं बरंचसं खरं तर एका मॅनेजरबद्दलचं आणि एका क्लायंट अकाउंटबद्दलचं मत असतं.

पगाराची तक्रार मात्र अख्ख्या धंद्याची आहे. २०१० च्या आसपास फ्रेशरला तीन-सव्वातीन लाख मिळायचे, दशकभरानंतरही आकडा ३.३६ ते ३.६ लाखांवरच होता. हिशेब मांडून बघा. ३.३६ लाख म्हणजे महिना २८,०००. मूळ वेतन १५,००० धरलं, तर कंपनीचा पीएफ १,८००, स्वतःचा १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० (कायम कर्मचाऱ्याला ती मिळायला पाच वर्षं टिकावं लागतं), व्यवसाय कर २००. उरले साडेतेवीस हजारांच्या आत. यातून व्हेरिएबल (पगाराचा अटींवर मिळणारा भाग) आणि विम्याचा हप्ता अजून वेगळा निघतो. घरी २८,००० ऐकून बसलेले वडील पहिल्या महिन्यात विचारतात, "बाकीचे कुठे गेले?" पगारावर कमी तारे पडतात त्याची सुरुवात या पहिल्या सॅलरी स्लिपपासून होते.

त्यावर जोडीला नोटीस पीरियड. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत तो हळूहळू ९० दिवसांवर गेला. नवी कंपनी म्हणते, तीस दिवसांत या. मग लोक हातात ऑफर नसताना राजीनामा टाकू लागले, कारण 'नोटीस पीरियडवर आहे' असं लिहिलेल्या रेझ्युमेला जास्त फोन येतात. तीन महिन्यांत दोनतीन ऑफर गोळा करायच्या आणि शेवटच्या दिवशी सर्वांत मोठी धरायची. माणसं बांधून ठेवण्यासाठी आणलेल्या नियमानेच बाजार गरम केला.

त्याचा कळस २०२२ मध्ये दिसला. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीअखेर इन्फोसिसचा गळतीचा दर २८.४ टक्के होता. मागच्या बारा महिन्यांत स्वेच्छेने सोडून गेलेले, भागिले सरासरी मनुष्यबळ, असा हा आकडा. यात एक मेख आहे: जो दबावाखाली राजीनामा टाइप करतो, तोही कागदोपत्री स्वेच्छेनेच गेलेला असतो. त्याच लाटेत टीसीएसने २०२१-२२ या एका वर्षात मनुष्यबळ एक लाखाहून जास्त वाढवलं. सोलापुरात ही दोन वर्षं वेगळीच गेली. मार्च २०२० नंतर मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली, पुण्याचं भाडं वाचलं, पगार तोच राहिला. "कंपनी लई भारी" असं म्हणणाऱ्यांची संख्या तेव्हा जितकी होती तितकी आधीही नव्हती आणि नंतरही नाही.

मग उतार. दर खाली आला. मार्च २०२४ ला इन्फोसिसमध्ये तो १२.६ टक्के होता. लोक खूश झाले म्हणून थांबले असं यातून वाचू नये, बाहेर नोकऱ्याच आटल्या होत्या. २०२३-२४ मध्ये टीसीएसची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने घटली. एप्रिल २०२४ पासून तिथे व्हेरिएबल हजेरीला जोडलं गेल्याच्या बातम्या आल्या: ६० टक्क्यांखाली हजेरी तर शून्य, पुढे टप्प्याटप्प्याने, पूर्ण रकमेसाठी ८५ टक्क्यांच्या वर. रविवारी घरी जेवून सोमवारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरणाऱ्याला हे झोंबतं, कारण गाडी पुणे स्टेशनला उतरवते आणि हिंजवडी तिथून पुढे वीसेक किलोमीटर. जून २०२५ पासूनचा दुसरा नियम जास्त कडक: वर्षात २२५ दिवस बिलिंग, म्हणजे क्लायंटला पैसे लावता येतील असं काम हवं, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त बसायचं नाही. बेंचवरच्याला पगार मिळतो, एवढाच त्याच्यात आणि गेटवरच्या बदलीवाल्यात फरक उरतो. जुलै २०२५ मध्ये कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं, आणि 'टीसीएस म्हणजे सरकारी नोकरी' हे वाक्य घराघरांतून एका आठवड्यात गेलं.

आता रेटिंगकडे. कर्मचाऱ्यांनी कंपनीला तारे द्यायच्या साइट्सपैकी ग्लासडोर २००८ मध्ये आलं, आपल्याकडे नंतर अँबिशनबॉक्स रुळलं. पाचपैकी ३.६ असा एक आकडा पाहून ठरवणं सर्वांत निरुपयोगी. लिहितं कोण हे आधी बघायचं: नोकरी शोधायला साइटवर आलेला, नुकताच चिडून सोडलेला, आणि इंडक्शनमध्ये "एक रिव्ह्यू टाका" असं सांगितलेला आठवड्याचा फ्रेशर. मधला, पाच वर्षं शांतपणे काम करणारा फारसा येत नाही. म्हणून शहर, विभाग आणि वर्ष अशी चाळणी लावायची. २०२१ चे रिव्ह्यू घरून कामाच्या काळातले आहेत, ते आजच्या नियमांबद्दल काहीच सांगत नाहीत. जुनी सर्व्हिस कंपनी 'जॉब सिक्युरिटी'त वर आणि 'पगार' व 'बढती'त खाली, हा नेहमीचा नमुना. २०२५ नंतर लिहिलेल्या रिव्ह्यूंत पहिला खांब हलला का, हे तपासण्यासारखं आहे. तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सावकाश वाचावेत, त्यांत तपशील असतो. "रिलीज (प्रोजेक्टमधून सुटका) मिळत नाही", "सपोर्ट प्रोजेक्ट, रात्रपाळी", "स्किल जावाचं, काम टेस्टिंगचं" अशी एकच ओळ वेगवेगळ्या लोकांच्या हातून पुन्हा पुन्हा आली, तर ती खरी धरायला हरकत नाही.

आणि एक गट या ताऱ्यांत धड कुठेच सापडत नाही: थर्ड पार्टी पेरोलवरचे. बसायचं मोठ्या कंपनीच्या इमारतीत, गळ्यातल्या कार्डाच्या पट्टीचा रंग वेगळा, पगार भलत्याच एजन्सीकडून, करार सहा किंवा बारा महिन्यांचा. ते रिव्ह्यू लिहितात तेव्हा कधी एजन्सीच्या नावाखाली लिहितात, कधी मोठ्या कंपनीच्या. घरी मात्र मोठं नावच सांगितलेलं असतं. "पर्मनंट आहे ना?" याचं उत्तर म्हणूनच ऑफर लेटरवर सर्वांत वर कोणाचं लेटरहेड आहे आणि पीएफ कोणाच्या आस्थापनेखाली भरला जाणार आहे, या दोन ठिकाणी शोधावं लागतं.