न हलणारा ठिपका

दोन छोटी विमाने हवेत एकमेकांवर आदळली असे ऐकले की डोळ्यांसमोर धुके, ढग किंवा काळोखी रात्र येते. प्रत्यक्षात अशा बहुतेक टकरी लख्ख उजेडात, स्वच्छ हवेत, विमानतळाच्या आसपास आणि कमी उंचीवर होतात. हवा छान असली की हौशी वैमानिक उडतात, शिकाऊ उडतात, आणि शेवटी सगळ्यांना त्याच धावपट्टीवर उतरायचे असते. शिवाय मोकळ्या हवेत एकमेकांपासून अंतर राखण्याचे काम मुख्यतः वैमानिकांच्या डोळ्यांवर सोडलेले असते. ‘बघा आणि टाळा’ हा तो नियम. ऐकायला इतका सरळ की तो डोळ्यांकडून किती मागतो, हे चटकन लक्षात येत नाही.

समजा, दोन विमाने एकाच उंचीवर, आपापल्या सरळ रेषेत, वेग न बदलता चालली आहेत आणि दोघांच्या वाटा एका बिंदूत एकाच क्षणी मिळणार आहेत. पहिल्या वैमानिकाला दुसरे विमान काचेत कुठे दिसेल? शेवटपर्यंत त्याच जागी. दोन विमाने आणि तो बिंदू यांचा त्रिकोण लहान होत जातो, पण त्याचे कोन बदलत नाहीत. जे विमान काचेवरून सरकताना दिसते, ते बाजूने निघून जाणार असते. खलाशांना ही खूण पक्की ठाऊक असते: समोरच्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि अंतर घटते आहे, म्हणजे धडक ठरलेली.

आता आपल्या डोळ्याची घडण पाहा. नजरेच्या कडेला आपल्याला बारकावे दिसत नाहीत, तिथे हालचाल मात्र चटकन जाणवते. नेमके टक्कर देणारे विमान हलताना दिसत नाही. स्पष्ट दिसते ते फक्त मधल्या दोनेक अंशांत. बाकीचे आकाश पाहायचे तर नजर तुकड्यातुकड्याने फिरवावी लागते. वैमानिकांना शिकवतात, की एका वेळी दहा अंशांहून जास्त सरकू नका आणि प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांबा. म्हणजे डावीकडून उजवीकडे 180 अंशांची एकच फेरी 18 सेकंदांची झाली. त्यात वर-खाली पाहणे आले नाही, उपकरणे, नकाशा, रेडिओ तर नाहीच. त्यात समोर नुसते निळे आकाश असले, तर डोळ्याला नजर रोवायला काही सापडत नाही आणि तो आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावतो. डोळे उघडे असतात, पण दूरचे पाहत नसतात.

आणि हाताशी वेळ किती? अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एका पत्रकात ही फोड आहे: वस्तू दिसल्यापासून ते विमान आहे हे ओळखायला, टक्कर होणार हे उमजायला, निर्णय घ्यायला, हात हलायला आणि शेवटी विमान वळायला मिळून सुमारे 12.5 सेकंद. प्रत्येकी 120 नॉट (ताशी सुमारे 222 किलोमीटर) वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने सेकंदाला सुमारे 123 मीटर जवळ येतात. टकरीच्या एक मिनिट आधी अंतर साडेसात किलोमीटरच्या आसपास असते. तेव्हा 11 मीटर पंखांचे विमान पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या एक षष्ठांश दिसते, आणि समोरून पंख म्हणजे एक बारीक रेघच. साडेबारा सेकंद उरतात तेव्हाही ते चंद्राहून लहानच असते. मग शेवटच्या तीन-चार सेकंदांत ते एकाएकी काच भरून टाकते. निष्काळजी वैमानिकालाच टक्कर होते, असे समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

खरे तर समोरासमोरच्या टकरी कमीच. बहुतेकदा वेगवान विमान हळू विमानाला मागून गाठते, उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात. पंख वर असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही, पंख खाली असलेल्यातून खालचे. त्यामुळे दुसरे पहिल्यावर उतरत आले, तर दोघेही एकमेकांच्या आंधळ्या जागेत असतात. ऑगस्ट 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे, नियंत्रण मनोरा नसलेल्या विमानतळावर, सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घालायच्या ठरावीक फेरीत) असलेल्या छोट्या सेसना 152 ला सरळ उतरायला आलेल्या दोन इंजिनांच्या सेसना 340 ने गाठले. दोन्ही वैमानिक रेडिओवर आपापली जागा सांगत होते. तीन माणसे गेली. 340 चा वेग उतरण्यासाठी फारच जास्त होता, असे चौकशीत आढळले.

त्याआधी 1986 मध्ये कॅलिफोर्नियातच, सेरिटोस इथे, एक छोटे पायपर विमान आणि प्रवासी जेट धडकून जमिनीवरच्या लोकांसह 82 जण दगावले. पायपरचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणारे यंत्र, उंची कळवणारा नव्हता. त्यानंतर मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा आणि गजबजलेल्या आकाशात उंची सांगणारे ट्रान्सपॉन्डर सक्तीचे झाले. ग्लायडर वैमानिकांसाठी 2004 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ हे टकरीचा इशारा देणारे छोटे उपकरण आले. अमेरिकेत 2020 पासून बऱ्याच नियंत्रित हवाई क्षेत्रांत आपली जागा सतत प्रसारित करणारी एडीएस-बी यंत्रणा बंधनकारक आहे.

या यंत्रांचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेतल्या उड्डाण-चाचण्यांत दिसले, की कुठे पाहायचे हे आधी कळले तर शोध आठपट प्रभावी होतो. सूचना मिळाल्यावरचे एक सेकंद म्हणजे सूचनेविना आठ सेकंद. यंत्र डोळ्यांची जागा घेत नाही, त्यांना दिशा देते. मात्र जे विमान काहीच प्रसारित करत नाही, ते यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही, आणि वीजव्यवस्थाच नसलेली जुनी विमाने आजही उडतात. पडदा रिकामा म्हणून आकाश रिकामे समजणे त्यामुळे घातक. चांगले शिक्षक म्हणूनच वळण्याआधी त्या बाजूचा पंख क्षणभर उचलून पाहायला लावतात, वर चढताना थोडे डावी-उजवीकडे वळत राहायला सांगतात, आणि मान पुढे-मागे करायची सवय लावतात. काचेच्या चौकटीचा खांब दोन बोटे रुंद असला, तरी न हलणारा तो ठिपका त्याच्याआड शेवटपर्यंत लपून राहू शकतो.