सेंट अँड्रूज लिंक्स

सेंट अँड्रूज लिंक्स : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यातील सेंट अँड्रूज या विद्यापीठनगरीला लागून असलेला सार्वजनिक गोल्फ मैदानांचा समूह. त्यात ओल्ड, न्यू (१८९५), ज्युबिली (१८९७), ईडन (१९१४), स्ट्रॅथटायरम (१९९३), नऊ होलचे (होल म्हणजे चेंडू घालावयाचा खळगा) बॅल्गोव्ह आणि कासल (२००८) अशी सात मैदाने आहेत. युरोपातील सार्वजनिक गोल्फ मैदानांचा सर्वांत मोठा समूह म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीच्या (खेळ सुरू करण्याच्या जागेच्या) मागेच रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची दगडी इमारत उभी असल्यामुळे मैदान त्या क्लबच्या मालकीचे असावे, असा समज दूरवर पसरला आहे. तो चुकीचा आहे. जमीन स्थानिक शासनाची असून कारभार संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या न्यासाकडे आहे. क्लबचे सभासद आणि गावातील इतर रहिवासी या मैदानावर खेळतात ते एकाच सार्वजनिक हक्काच्या आधारे. हा हक्क कसा टिकला, हेच या स्थळाच्या इतिहासाचे खरे सूत्र आहे. अजिंक्यपदांच्या याद्या त्यापुढे गौण ठरतात.

भूरचना : लिंक्स म्हणजे सागरकिनारा आणि शेतीची जमीन यांमधला वाळूचा, उंचसखल, गवताळ पट्टा. हिमयुगानंतर बर्फाचे ओझे उतरल्याने भूभाग हळूहळू वर उचलला गेला, समुद्र मागे हटला आणि उघड्या पडलेल्या वाळूचे वाऱ्याने ढिगारे रचले. सेंट अँड्रूजला हा पट्टा एका बाजूने वेस्ट सँड्स या लांबलचक पुळणीने व दुसऱ्या बाजूने ईडन नदीच्या खाडीने वेढलेला आहे. वाळूत पाणी थांबत नाही, त्यामुळे पावसाळी हवेतही जमीन कोरडी व टणक राहते. निकृष्ट मातीत फेस्क्यू आणि बेंट जातीचे बारीक पात्यांचे गवत तग धरते. ते मेंढ्या व ससे चरून आखूड ठेवत. शेतीला निरुपयोगी ठरलेली ही जमीन म्हणूनच सामाईक राहिली. तिच्यावर गुरे चरत, कपडे वाळत घातले जात, धनुर्विद्येचा सराव चाले आणि चेंडूही टोलवले जात. बंकरांचा, म्हणजे मैदानावरील वाळूच्या खड्ड्यांचा, उगम वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांच्या बसण्याच्या जागांत असल्याचे परंपरेने सांगतात. ही उपपत्ती काही बंकरांना लागू पडत असेल. परंतु सखल जागी चेंडू घरंगळून साठत, तेथे वारंवार फटके बसून गवत उखडले जाई आणि वाळू उघडी पडे, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. आज बंकरांच्या उभ्या भिंती हिरवळीचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचून बांधतात आणि ठरावीक काळाने नव्याने रचतात.

खेळाचा उगम व सेंट अँड्रूजचा दावा : सेंट अँड्रूजला ‘गोल्फचे माहेरघर’ म्हणतात. खेळाला आजचे रूप मिळण्यात या गावाचा वाटा पाहता ते योग्यच आहे. खेळ येथेच जन्मला असा त्याचा अर्थ घेतल्यास मात्र पुरावा अपुरा पडतो. नेदरलँड्समध्ये ‘कोल्फ’ नावाचा काठी-चेंडूचा खेळ मध्ययुगात प्रचलित होता आणि स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांचा त्या देशाशी निकटचा व्यापार होता. १६१८ मध्ये जेम्स सहावा याने चेंडू बनवण्याचा मक्ता स्कॉटलंडमधील जेम्स मेलव्हिल व त्याच्या सहकाऱ्यांना दिला, तेव्हा डच चेंडूंच्या खरेदीत देशाचे सोने-चांदी बाहेर जात असल्याचे कारण देण्यात आले होते. यावरून काही अभ्यासक खेळच डच असल्याचे मानतात. डच कोल्फच्या समर्थनार्थ दिला जाणारा १२९७ सालच्या सामन्याचा दाखला आता फारसा विश्वसनीय मानला जात नाही. चीनमधील च्वीवान या खेळात जमिनीतील खळग्यात चेंडू घालत असत आणि त्याचे तेराव्या शतकातील वर्णन उपलब्ध आहे. मात्र तो युरोपात पोहोचल्याचा कोणताही दुवा हाती नाही. डच खेळात चेंडू बहुधा खांबावर किंवा दारावर मारत, तर मोकळ्या रानात एकापाठोपाठ एक अशा खळग्यांत कमीत कमी फटक्यांनी चेंडू घालण्याची रीत स्कॉटलंडच्या किनारपट्टीवर रुळली. साधने व नाव बाहेरून आली असावीत आणि खेळाची मांडणी स्कॉटिश असावी, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य आहे.

स्कॉटलंडमधील पहिला निश्चित उल्लेख जेम्स दुसरा याच्या संसदेने केलेल्या मनाईचा आहे. धनुर्विद्येकडे दुर्लक्ष होते म्हणून फुटबॉल आणि गोल्फ बंद करावेत, असे त्यात फर्मावले होते. हा कायदा १४५७ चा म्हणून सर्वत्र नोंदला जातो. त्या काळी स्कॉटलंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारीपासून वर्ष मोजण्याची पद्धत तेथे १६०० मध्ये आली. कायदा मार्चच्या पहिल्या आठवड्यातील असल्याने आजच्या गणनेनुसार त्याचे साल १४५८ येते. लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदवणाऱ्या सेंट अँड्रूजच्या सनदेबाबतही हीच अडचण आहे. तिच्यावर २५ जानेवारी १५५२ ही तारीख आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने १५५३. जुन्या ग्रंथांतील १५५२ हे साल इतके रूढ झाले आहे की ते बदलण्याचा आग्रह येथे धरलेला नाही, पण दोन्ही साले एकाच दस्तऐवजाची आहेत हे वाचकाने ध्यानात ठेवावे. कायद्यातला ‘गोल्फ’ म्हणजे आजच्यासारखा खेळ की हॉकीसारखी गर्दीची झुंबड, याबद्दलही मतभेद आहेत. १४७१ व १४९१ मध्ये मनाई पुन्हा जाहीर करावी लागली, यावरून ती कितपत पाळली जात होती याची कल्पना येते.

सनद, ससे व खटला : आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याच्या काळातील या सनदेचा मुख्य विषय गोल्फ नसून ससे हा आहे. लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा आर्चबिशपला मिळाली आणि त्याच वेळी गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर सर्व खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क राखून ठेवण्यात आला. या दस्तऐवजाने लोकांना हक्क ‘दिला’ असे अनेकदा लिहिले जाते. मजकुराचा रोख पाहता आधीपासून चालत आलेली वहिवाट येथे मान्य झाली, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या सनदांनी तिला दुजोरा दिला.

हा भेद पुढे निर्णायक ठरला. कर्जबाजारी झालेल्या नगरपरिषदेने १७९७ मध्ये लिंक्सची जमीन हातावेगळी केली आणि ती थोड्याच काळात डेम्पस्टर या व्यापारी कुटुंबाकडे गेली. त्यांनी मांस व कातड्यासाठी मोठ्या प्रमाणावर ससे सोडले. बिळांनी मैदान पोखरून निघाले. गोल्फपटू आणि गावकरी न्यायालयात गेले, लिंक्सवर ससे मारण्यावरून हाणामाऱ्याही झाल्या. ‘डेम्पस्टर विरुद्ध क्लेगहॉर्न’ हे प्रकरण १८१३ मध्ये लॉर्ड्स सभागृहापर्यंत (ब्रिटिश संसदेचे वरिष्ठ सभागृह, जे तेव्हा अंतिम अपील न्यायालयही होते) पोहोचले आणि तेथून फेरविचारासाठी स्कॉटिश न्यायालयाकडे परत आले. प्रश्न असा होता : जमिनीची मालकी दुसऱ्याकडे गेली तरी गावाच्या रहिवाशांचा तिच्यावर खेळण्याचा हक्क शिल्लक राहतो का, आणि राहत असल्यास मालकाने जमिनीचा खेळाला बाधक ठरेल असा वापर करावा का? भारतीय कायद्यातील सुविधाधिकाराशी या कल्पनेचे साम्य आहे. दुसऱ्याच्या शेतातून वाट असावी तसा हा खेळण्याचा हक्क. केवळ करमणुकीसाठी असा हक्क मान्य होणे त्या काळी असाधारण होते. तंटा अखेर निकालापेक्षा व्यवहाराने मिटला. १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली व खेळाला अभय दिले. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने लिंक्स पुन्हा नगरपरिषदेकडे आली आणि दुसरे मैदान, म्हणजे न्यू कोर्स, तयार करण्याचा भार रॉयल अँड एन्शंट क्लबने उचलला.

अठरा होल : रॉयल अँड एन्शंट क्लबची पूर्वसंस्था १४ मे १७५४ रोजी बावीस सरदार व प्रतिष्ठितांनी स्थापन केली, ‘रॉयल’ हे बिरुद १८३४ मध्ये चौथ्या विल्यमकडून मिळाले. स्थापनेच्या वेळी खेळाडू जाताना अकरा व येताना त्याच वाटेने अकरा असे बावीस होल खेळत. १७६४ मध्ये आरंभीच्या चार होलचे दोन करण्याचे ठरले आणि दोन्ही दिशा धरून संख्या अठरावर आली. इतर गावांत मात्र लीथला पाच, प्रेस्टविकला बारा अशी मैदाने दीर्घकाळ होती. सेंट अँड्रूजच्या नियमांत १८५८ मध्ये अठरा होलचा सामना प्रमाण धरला गेला व तेथून तो जगभर पसरला. व्हिस्कीच्या बाटलीत अठरा घोट मावतात म्हणून अठरा होल, ही कथा निराधार आहे.

जाण्यायेण्याची वाट एकच असल्याने गर्दी वाढताच समोरासमोरचे गट एकाच होलवर अडकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फेअरवे (टी ते होलदरम्यानचे कापलेल्या गवताचे पट्टे) रुंद झाले आणि एकेका ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड हिरवळीवर) दोन होल कोरले गेले. याचे श्रेय सहसा ॲलन रॉबर्टसन (१८१५–५९) यांना देतात. ओल्ड कोर्सवर आज सात जोडग्रीन आहेत. त्यांवरील होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते : दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, याप्रमाणे आठवा व दहाव्यापर्यंत. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांना स्वतंत्र ग्रीन आहेत. टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांनी १८६० च्या दशकाच्या मध्यापासून १९०३ पर्यंत मैदानाची निगा राखली. ग्रीनवर वाळू पसरण्याची त्यांची पद्धत आजही पाळली जाते.

पर्यटनस्थळ : धर्मसुधारणेनंतर उतरती कळा लागलेल्या या गावाला उभारी दिली ती बंगाल तोफखान्यातून निवृत्त होऊन परतलेल्या ह्यू लायन प्लेफेअर यांनी. १८४२ पासून १८६१ पर्यंत ते नगराध्यक्ष होते. रस्ते, स्वच्छता व किनाऱ्याची डागडुजी त्यांनी करवून घेतली. १८५२ मध्ये रेल्वे आली (ती १९६९ मध्ये बंद झाली), गटापर्चाच्या (एका झाडाच्या घट्ट होणाऱ्या चिकाच्या) स्वस्त चेंडूने खेळ सामान्यांच्या आवाक्यात आला आणि समुद्रस्नानासाठी येणारी कुटुंबे गोल्फही खेळू लागली. स्त्रियांचा पटिंग क्लब १८६७ मध्ये स्थापन झाला. त्याची उंचवट्यांची हिरवळ ‘हिमालयाज’ या नावाने ओळखली जाते. रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व खुले केले ते २०१४ मध्ये. ओपन अजिंक्यपद स्पर्धा येथे प्रथम १८७३ मध्ये झाली. २०२२ ची दीडशेवी स्पर्धा ही येथील तिसावी होती.

व्यवस्था : १९७४ च्या कायद्याने सेंट अँड्रूज लिंक्स न्यास अस्तित्वात आला. स्कॉटलंडच्या स्थानिक शासनाची फेररचना होऊन जुनी नगरपरिषद संपुष्टात येणार होती, त्याआधी लोकांचा हक्क सुरक्षित करणे हा त्यामागील हेतू होता. विश्वस्तांत क्लबचे व स्थानिक शासनाचे प्रतिनिधी समसमान असतात; शिवाय मतदारसंघाचे खासदार आणि एक शासननियुक्त सदस्य असतो. ओल्ड कोर्सवरील काही वेळा स्थानिकांसाठी राखीव असतात, तर पाहुण्यांसाठी आगाऊ नोंदणीबरोबर दैनंदिन सोडतही चालते : दोन दिवस आधी नावे द्यावयाची, चिठ्ठी निघाली तर खेळावयाचे. जगातील सर्वांत मागणी असलेल्या मैदानाचा दरवाजा अशा रीतीने अनोळखी माणसासाठीही खुला राहतो, हे या व्यवस्थेचे मोठेपण आहे. मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो आणि गावकरी तेथे मुले व कुत्री घेऊन फिरतात. बॅल्गोव्ह हे मुलांसाठी व नवशिक्यांसाठी राखलेले मैदान आहे.

भारताशी संबंध : कोलकाता (१८२९) व मुंबई (१८४२) येथील गोल्फ संस्था ब्रिटनबाहेरच्या आरंभीच्या संस्थांत मोडतात. मुंबईच्या संस्थेने दिलेले ‘बॉम्बे पदक’ रॉयल अँड एन्शंट क्लबच्या वसंतकालीन स्पर्धेत दिले जाते. महाराष्ट्रात गोल्फ मुख्यतः खाजगी क्लब व लष्करी छावण्यांच्या मैदानांवर वाढला. सिडकोने खारघर येथे उभारलेले मैदान हे सार्वजनिक मालकीचे ठळक उदाहरण होय.

किनाऱ्याची धूप : लिंक्सची वाळू स्थिर नाही. वेस्ट सँड्स आणि ईडनच्या मुखाकडील टेकड्या वादळी भरतीत खचतात. तुटलेल्या भागात वाळू भरून तीवर मॅरम गवत लावण्याचे काम न्यास व स्थानिक संस्था करीत आहेत. या गवताच्या खोल मुळ्यांमुळे वाळू धरून राहते, मात्र त्याला तुडवलेले सोसत नाही. त्यामुळे पुळणीवर उतरण्याच्या वाटा काही ठिकाणी कुंपण घालून बदलाव्या लागल्या आहेत.