मुंबई–न्यूयॉर्क: दोऱ्याचं अंतर आणि विमानाचे तास

पृथ्वीगोलावर दोऱ्याचं एक टोक मुंबईला धरा, दुसरं न्यूयॉर्कला, आणि दोरा ताणा. तो सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तानवरून जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावर येतो, तिथून नॉर्वे, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला खेटून अमेरिका. नेटवर 'सुमारे १२,५०० किलोमीटर' असा आकडा मिळतो तो या दोऱ्याचा. विमान त्याहून जास्तच उडतं.

जून १९४८ मध्ये मुंबई–लंडन ही युरोपला जाणारी पहिली भारतीय सेवा सुरू झाली, ती कैरो आणि जिनिव्हा घेत. १९६० मध्ये जेट आली, सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोचली, तरी वाटेतले थांबे सुटले नाहीत. 'डायरेक्ट' या शब्दाचा घोळ याच थांब्यांमुळे झाला. फ्लाइट नंबर एकच असला की ती डायरेक्ट. मधे कुठे उतरणार नाही, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. न थांबणारी ती नॉन-स्टॉप. 'डायरेक्ट आहे, काळजी नको,' असं सांगून आम्ही आईला बसवून दिलं, आणि युरोपातल्या एका विमानतळावर पहाटे तिला पिशवी उचलून सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहावं लागलं. गुडघ्यांनी बेजार झालेल्या बाईला हे आधी सांगायला हवं होतं. तिकीट विकणाऱ्यांनी अजूनही ते स्वतःहून सांगावं.

नॉन-स्टॉप सेवा आली २००६-०७ च्या सुमारास, लांब पल्ल्याची नवी विमानं मिळाल्यावर. जाताना साधारण सोळा तास. येताना उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून तास-दीड तास कमी. रात्री एकला निघून तिथल्या सकाळी सातला उतरलात तर ते सहा तास नव्हेत: उन्हाळ्यात त्यात साडेनऊ मिळवायचे, हिवाळ्यात साडेदहा. शिवाय हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच आली.

त्यानंतर आकाशच बंद होत गेलं. फेब्रुवारी २०१९ पासून जुलैपर्यंत पाकिस्तानचं. २०२२ मध्ये रशियाने पाश्चात्त्य कंपन्यांना वाट नाकारली. एका अमेरिकी कंपनीने मुंबईची सेवाच थांबवली, भारतीय विमानं मात्र रशियावरून जात राहिली. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली, आठवड्याभरात भारतानेही तेच केलं. दोऱ्याचा सिंधचा तुकडा भारतीय विमानांना बंद, रशियाचा पाश्चात्त्य विमानांना. सुरक्षेचं कारण पटतं, पण मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली की प्रवाशाने तिकीट कशाच्या भरवशावर काढायचं? मुंबईच्या विमानांना अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जावं लागलं. दिल्लीला फटका जास्त बसला. तिथून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला, कोपनहेगनला उतरू लागली.